पाच फूट दोन इंच

"या वेळी काहीतरी पकडून आणा," बायको डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "लहान असलं तरी चालेल. पण बाबांच्या डोळ्यांदेखत पकडा."

"बघतो," चष्मेवाले म्हणाले.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी त्यांना 'अहो चष्मेवाले' अशी हाक मारली होती, आणि बारा वर्षं झाली तरी ती बदलली नव्हती. सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना ते दुकानदारांची वजनं तपासत. आता ते माणसं तपासत. त्या तपासणीत जावई काही केल्या पूर्ण भरत नव्हते.

तपासणीची जागा समुद्रात होती. किनाऱ्यापासून दोन तासांवर एक मालवाहू जहाज फार पूर्वी बुडालं होतं. त्याच्या सांगाड्यात मोठे, ताकदवान मासे राहत. त्यांना पकडायचं तर जिग, म्हणजे गळ लावलेला माशाच्या आकाराचा जड धातूचा तुकडा, थेट तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत वर ओढायचा. मासा लागला की तो सांगाड्यात शिरायला बघतो, आणि आपण त्याला शिरू द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. चष्मेवाले सहा खेपा करून आले होते आणि सहाही खेपांना त्यांनी फक्त सकाळचा नाश्ता समुद्राला परत केला होता.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी. नऊ वर्षांपूर्वी याच जागी त्यांच्या गळाला असा मासा लागला होता की त्याने हातातला रॉडच ओढून नेला. खात्यातल्या लोकांनी निवृत्तीला भेट दिलेला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच समुद्रात आणलेला रॉड, पितळी पट्टीवर अक्षरं कोरलेला. मासा पाच फूट दोन इंच होता. इतरांचे निसटलेले मासे दर वर्षी वाढतात. सासऱ्यांचा मासा नऊ वर्षांत बोटभरही वाढला नव्हता, आणि म्हणूनच सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. पाण्याखालचा मासा त्यांनी इंचापर्यंत मोजला कसा, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

यंदा त्यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "या खेपेला जमलं नाही, तर पुढच्या वेळी मी शेजारच्या दंतवैद्यांना नेतो. त्यांची पकड चांगली आहे."

दंतवैद्यांचं नाव निघाल्यापासून चष्मेवाल्यांची झोप उडाली होती. मासे त्यांना आवडत नव्हते. बोट तर अजिबात आवडत नव्हती. पण या माणसाने आपल्याला एकदा तरी 'जावईबापू' म्हणावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. तसं त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बोट सांगाड्यावर पोचली तेव्हा दहा वाजले होते. पाणी स्वच्छ आणि शांत होतं. सासरे नेहमीप्रमाणे पुढच्या टोकाला उभे राहिले. चष्मेवाले नेहमीप्रमाणे मागे, बर्फाच्या पेटीशेजारी. पुढची जागा मासा पकडणाऱ्याची, असा सासऱ्यांचा नियम होता.

चष्मेवाल्यांनी जिग सोडली, चार झटके दिले, आणि पाचव्याला दोर ताणला गेला.

"अडकली वाटतं," ते हळूच म्हणाले. जिग सांगाड्यात अडकणं नवीन नव्हतं. मागच्या खेपेला त्यांनी तीन घालवल्या होत्या.

सासऱ्यांनी वळून पाहिलं. हलक्या लाटेबरोबर बोट वर गेली, तसा रॉड वाकला. बोट खाली आली, तसा सरळ झाला.

"मासा!" सासरे ओरडले.

"बाबा, मला वाटतं लोखंडात..."

"लोखंड असं ओढतं का? चष्मेवाले, डोकं हलवतोय तो! सोडू नका!"

सासऱ्यांनी मासा म्हटल्यावर विषय संपला. एकदा शिक्का मारला की तो पुसायचा नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय होती. चष्मेवाल्यांनी रॉडचं बूड पोटाला टेकवलं आणि बुडालेल्या जहाजाशी झुंज सुरू केली.

अर्ध्या तासाने जहाज एक इंचही हललं नव्हतं. सासऱ्यांच्या दृष्टीने हा माशाच्या ताकदीचा पुरावा होता. त्यांनी बोटवाल्याला वायरलेसवरून धक्क्यावर कळवायला लावलं.

"काय सांगू, साहेब?" बोटवाल्याने विचारलं.

"सांगा, मोठा मासा लागलाय. जावयाला."

'जावयाला' हा शब्द ऐकून चष्मेवाल्यांनी रॉड आणखी घट्ट धरला. आता 'अडकलंय' म्हणायची सोय उरली नाही.

धक्क्यावरच्या माणसाने निरोप घेतला आणि जवळच्या बोटींना दिला. पाऊण तासात दोन बोटी येऊन बाजूला उभ्या राहिल्या. त्यांतली माणसं आ वासून पाहू लागली आणि सल्ले देऊ लागली. एक म्हणे दोर सैल सोडा, दुसरा म्हणे मुळीच सोडू नका. चष्मेवाल्यांचे हात लोण्यासारखे झाले होते. तेवढ्यात वायरलेसवरून कळलं की सासूबाई आणि बायको धक्क्यावर यायला निघाल्या आहेत, आणि मासा टांगून तोलायचा मोठा काटा बाहेर काढून ठेवला आहे.

"काटा कुठला?" सासऱ्यांचे कान टवकारले. "त्यावर यंदाचा तपासणीचा शिक्का आहे का, विचारा."

"त्यांना माहीत नाही म्हणतात."

"माहीत नाही? बिनशिक्क्याच्या काट्यावर मासा तोलणार? द्या तो माईक इकडे!"

सासरे केबिनमध्ये शिरले आणि दार लावून धक्क्यावरच्या माणसाला वजनमापांचे नियम समजावू लागले. बाकीच्या दोन्ही बोटी कंटाळून आपल्या जागी परत गेल्या. बोटवाल्याला चष्मेवाल्यांची दया आली असावी. दोर उलट्या बाजूने ओढला जावा म्हणून त्याने बोट वळवून सांगाड्याच्या पलीकडे नेली.

खाली काहीतरी सुटलं आणि दोर येऊ लागला.

जड होतं, पण येत होतं. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मासा नसला तरी निदान जहाज नव्हतं. ते रीळ फिरवत राहिले. हळूहळू खालून एक लांबट काळी वस्तू वर आली. शिंपले आणि शेवाळ यांनी लडबडलेला रॉड होता तो. त्यांनी तो कठड्यापर्यंत ओढला आणि मुठीजवळची पट्टी अंगठ्याने घासली. बारीक अक्षरं वाचणं हा त्यांचा धंदाच होता. 'सेवानिवृत्तीनिमित्त सस्नेह भेट, वजनमापे खाते.'

मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली. रॉडच्या सगळ्यात खालच्या कडीत जुनी जिग व्यवस्थित अडकवलेली होती, आणि दोर रिळावर जसाच्या तसा गुंडाळलेला होता. रॉड बाळगताना जिग तशीच अडकवून ठेवतात. पाण्यात सोडायची तेव्हाच ती कडीतून काढतात. म्हणजे ही जिग त्या दिवशी पाण्यात गेलीच नव्हती. मासा लागला नव्हता. रॉड नुसताच हातातून पडला होता.

चष्मेवाले बघत राहिले. नऊ वर्षांचे पाच फूट दोन इंच त्यांच्या हातात होते. हा रॉड नुसता पुढच्या जागेवर नेऊन ठेवला असता, तरी दंतवैद्यांचा प्रश्न कायमचा मिटला असता. बारा वर्षांच्या सगळ्या तपासण्यांचं उट्टं निघालं असतं. त्यांना तो मोह झाला, चांगला कडकडून झाला.

केबिनमधून आवाज येत होता. "मी सांगतो ते लिहून घ्या! मापाच्या बाबतीत मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही!"

त्या आवाजाने चष्मेवाल्यांना एकदम वाईट वाटलं. निवृत्तीची भेट पहिल्याच खेपेला हातातून निसटली, हे घरी जाऊन सांगायला त्या माणसाला किती जड गेलं असेल, ते त्यांना दिसलं. त्यांनी कठड्याला टांगलेली कात्री घेतली आणि आपला दोर कापला. रॉड फिरत फिरत खाली जाऊ लागला.

त्यांनी बोटवाल्याकडे पाहिलं.

"मी इंजिनापाशी होतो," बोटवाला म्हणाला. "मला काही दिसलं नाही. नऊ वर्षांपूर्वीही मी इंजिनापाशीच होतो."

केबिनचं दार उघडलं.

"सुटला, बाबा," चष्मेवाले म्हणाले. "अगदी वर आला होता."

सासऱ्यांनी दोराचं टोक हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. माशाने तोडलेला दोर उसवतो. हा सरळ कापलेला होता. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातातली कात्री पाहिली. मग ते कठड्यावर वाकले आणि पाण्यात बघत राहिले. पाणी खूपच स्वच्छ होतं, आणि खोलवर जाणारी पितळी पट्टी अजून चमकत होती. बऱ्याच वेळाने ते सरळ झाले.

बोट परत निघताना पुढच्या जागेवरची आपली पिशवी उचलून सासरे मागे आले आणि बर्फाच्या पेटीवर बसले. बोटवाल्याने चष्मेवाल्यांना पुढे जायची खूण केली.

धक्क्यावर सासूबाई, बायको, काटा आणि पंधरावीस माणसं उभी होती. दंतवैद्यही आले होते.

"कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"निसटला," चष्मेवाले म्हणाले.

बायकोचा चेहरा पडला. दंतवैद्यांनी समजुतीने मान हलवली. "केवढा होता हो?"

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला. वडीलधाऱ्या माणसाच्या पुढे जाणं बरं दिसलं नसतं.

"असेल पाच फूट एक इंच."

सासरे बोटीतून उतरत होते. ते थांबले.

"पाच फूट दोन," ते म्हणाले. "तोच होता. मी ओळखला."

निरीक्षकांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि जावईबापू, मापात मारलेलं मला चालत नाही."