टिकलीची शेपटी आणि बोलका पडदा

एका जंगलात, बाळांनो, डॉक्टर डबके नावाचे एक बेडूक दवाखाना चालवायचे. भारी हुशार. त्यांची एकच तक्रार असायची. पिल्लं घाबरतात, कुठे दुखतंय ते सांगत नाहीत, आणि त्यांच्या आया मध्ये मध्ये बोलतात.

म्हणून त्यांनी बोलका पडदा आणला. पडद्यावर एक गोड पिल्लू नाचायचं. आजारी पिल्लानं त्या चित्रावर दुखतं तिथे बोट लावायचं. लगेच पडदा गाणं म्हणायचा आणि आतल्या खोलीत डॉक्टरांना चिठ्ठी जायची. चित्र कसं हवं, ते डॉक्टरांनी स्वतः चित्रकाराला समजावलं होतं. आरशात बघून. हसू नका रे, दवाखान्याची गोष्ट आहे!

एके दिवशी पारू खार आपल्या टिकलीला घेऊन आली. पोरीच्या शेपटीत बाभळीचा काटा रुतला होता. शेपटी सुजून टम्म झाली होती. पारूचा जीव टांगणीला लागला होता. शेपटी गेली तर खारीचा तोल जातो, आणि तोल गेला की झाड सुटतं.

"अहो डॉक्टर, हिच्या शेपटीत..."

"आई, तुम्ही गप्प बसा बरं," डॉक्टर प्रेमानं म्हणाले. "लेकराला बोलू द्या." आणि आत गेले.

टिकली पडद्यासमोर उभी राहिली. चित्राला डोकं होतं, पोट होतं, हातपाय होते. शेपटी कुठेच नव्हती.

"आई, बोट कुठे लावू?"

"लाव गं बाई जवळपास कुठेतरी."

टिकलीनं ढुंगणावर बोट लावलं. पडदा गाऊ लागला. आतून जुलाबावरचं औषध आलं.

तीन दिवस ते घेतलं. शेपटी काळी पडली. चौथ्या दिवशी पारूनं पोरीला उचललं, तरातरा आतल्या खोलीत शिरली आणि शेपटी डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

"बघा! डोळे फुटले का तुमचे?"

डॉक्टरांनी चष्मा लावला. बघितलं. हसले.

"अहो, शेपटी होय! मलाही होती लहानपणी. वय वाढलं की आपोआप जाते."

आणि खरंच, आठवडाभरात गळून पडली. डॉक्टरांचं निदान सहसा चुकत नाही.

पारू धाय मोकलून रडली. टिकली झाडाखाली बसायला शिकली.

पुढच्या तपासणीला पडद्यानं विचारलं, "बाळा, कुठे दुखतंय?" टिकलीनं चित्र नीट न्याहाळलं. तिच्याजवळ जेवढं उरलं होतं, तेवढं सगळं त्यात होतं. त्यातलं काहीच दुखत नव्हतं.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

"बघा आई," डॉक्टर पारूला म्हणाले, "आता कशी छान संवाद साधते!"

तात्पर्य : जो अवयव पडद्यावर नाही, तो पिल्लांनी मुळात बाळगूच नये. आयांनी तर तोंडसुद्धा घरीच ठेवून यावं.