आवडाबाईसाहेबांनी टुटू शिवला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्या सुईने राजा व रंक दोघांची अब्रू झाकली तीस दंडवत करोन वर्तमान लिहितो ऐसे जे, शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, फाल्गुनमासी महाराजांचे चित्ती आले की राजकन्या मैनाबाई हिने भरदरबारी विलायती नाच करावा. मैनाबाईच्या मातोश्री ती तान्ही असतानाच कैलासवासी जाहल्या, आणि आत्याबाई आवडाबाईसाहेब यांनी तीस पोटच्या लेकीपरी वाढविले. नाच शिकवावयास फिरंगी मडम होती. पायाच्या बोटांवर उभे राहोन गिरक्या घ्याव्या ऐसी ती अवघड विद्या, आणि तीस वस्त्रही तैसेच, टुटू म्हणोन: वर अंगास चिकटलेली चोळी आणि कमरेपासून ताठ जाळीचे थरांवर थर, उघडल्या छत्रीसारखे. दरबारचे शिंपी बोलिले, "घागरा खाली पडतो हे आम्हांस ठाऊक. पडावयाचे नाकारतो ऐसा घागरा आम्ही पाहिला नाही." मग आत्याबाई म्हणाल्या, "पोरीचे वस्त्र आजवर माझे सुईवाचून जाहले नाही. हेही मीच शिवीन."

मग आत्याबाईंनी जाळी कापोन चुण्या घातल्या, आणि आखूड थर खाली, रुंद थर वर ऐसे एकावर एक टाचिले. कडक जाळीने बोटे सोलून निघाली, परंतु हात थांबला नाही. आणि जन्माची सवय कोणास सुटली आहे? पोर वाढत्या अंगाची म्हणोन चोळीत चांगली चार बोटे माया, म्हणजे जास्तीचे सैल कापड, सोडिली. मडम नको नको म्हणत राहिली, आत्याबाईंनी ऐकिले नाही.

मग दरबार भरला, सनई सुरू जाहली, आणि पडद्याआड मैनाबाईने गिरकी घेतली तो मुलगी फिरली आणि टुटू होता तेथेच राहिला. आत्याबाई बहुत खजील जाहल्या. उसवोन शिवावयास अवकाश नाही. मडम म्हणाली, "अंगावरच शिवावे. आमचे मुलखी ऐसेच करितात." हे ऐकोन आत्याबाईंचे हातची सुई गळाली. कारण ऐसे जे, अंगावरचे वस्त्र शिवू नये हा आपला रिवाज, आणि आत्याबाईंनी तो एकदाच मोडिला होता. यजमान मोहिमेस निघाले ते दिवशी घाईत त्यांचे अंगरख्याचा तुटला बंद अंगावरच टाचिला, आणि यजमान परतले नाहीत. तेव्हापासून त्या माउलीने स्वतःस क्षमा केली नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "मडम, तुम्हीच शिवा. माझ्याने होणार नाही."

मैनाबाईस ती हकीकत ठाऊक होती. ती म्हणाली, "मी दुसऱ्याचे हातून शिवोन घेणार नाही. आत्याबाई, तुम्ही शिवा. नाच जाहला की मी धावत येईन."

मग आत्याबाईंनी अंगावर शिविता दोष लागू नये म्हणोन दोऱ्याचा तुकडा मैनाबाईचे दातांत दिला, चोळी पाठीवर आवळिली आणि टाके घातले. एकही टाका वाकडा पडला नाही. "परत येईतो दोरा काढू नको," म्हणाल्या. मग मैनाबाई दातांत दोरा धरोनच नाचली, आणि विलायती नाचात हेही असेल ऐसे समजोन थोर थोर सरदारांनी माना डोलाविल्या. आत्याबाईंनी नाच पाहिलाच नाही, पाठीचे टाके तेवढे पाहिले.

नाच संपला. मैनाबाई धावत पडद्याआड आली, दोरा काढोन आत्याबाईंचे हाती दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, आले."

आत्याबाईंनी तीस टुटूसकट पोटाशी धरिले. सारे थर चुरगळले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मग टाके उसविले, सोडिली माया तैसीच राहू दिली, आणि पुढील साली तीच चोळी मैनाबाईस अंगासरशी बसली. म्हणोन येथे गाठ मारोन दोरा तोडिला.