डावीकडे न वळणारी पिकअप

चष्मेवाल्याची पिकअप सगळीकडे जायची, फक्त डावीकडे वळायची नाही. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की पुढचं डावं टायर मडगार्डच्या कडेला घासायचं आणि असा कर्कश आवाज निघायचा, की कुत्री आधी पळायची आणि मग लांब जाऊन भुंकायची.

पिकअप मूळची त्याच्या वडिलांची. त्यांनी तिच्यातून आयुष्यभर लोकांचं फर्निचर वाहिलं. ते गेल्यावर ती शेडमध्ये धूळ खात पडली होती. चष्मेवाल्याने हौसेने नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, घालून ती थोडी खाली बसवली, रुंद टायर चढवली, गडद हिरवा रंग दिला. गाडी अशी देखणी झाली, की आपल्या चष्म्यांच्या दुकानाच्या काचेत तिचं प्रतिबिंब बघायला तो वेग कमी करायचा.

अडचण एकच होती. फाटकातून निघालं की डावीकडे बायकोचं माहेर होतं.

"उजवीकडे तुमची बहीण, तुमचं दुकान, तुमचे मित्र. तिकडे बरी जाते!" बायको म्हणाली. "माझ्या आईकडे निघालं की हिचं टायर घासतं."

"अगं, मी मुद्दाम करतो का? सरळ रस्त्यावरसुद्धा ती जरा उजवीकडेच ओढते."

"बघा! गाडीलाही तुमच्याच माणसांची ओढ."

बायकोचं एक शिसवी कपाट लग्नापासून माहेरीच राहिलं होतं. उजवीकडे वळत वळत गावाला वळसा घालून गेलं, तरी सासूबाईंच्या गल्लीत शिरायला शेवटी डावंच वळण होतं. बायकोचा संयम संपला.

"या रविवारी कपाट घरात आलं पाहिजे. नाहीतर मी नर्सरीवाल्याला हो सांगते."

नर्सरीवाल्याला पिकअप आपल्या दारात उभी करून तिच्यात कुंड्या मांडायच्या होत्या. वडिलांच्या गाडीत शेणखत!

मदतीला धाकटा मेहुणा धावला. तो विमा विकायचा आणि त्यामुळे कुठल्याही विषयावर ठामपणे बोलू शकायचा.

"दाजी, मडगार्डची कड आत ठोकायची. चुटकीसरशी काम!"

कड ठोकली. रंगाचे टवके उडाले, टायर मात्र पूर्वीसारखंच घासलं.

"मग गाडी उचलू. पाट्याखाली लाकडी ठोकळे घालू."

शेडमध्येच ठोकळे घातले, स्टीअरिंग फिरवून पाहिलं. आवाज नाही! दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मग गाडी बाहेर काढायला गेले, तर टप शेडच्या तुळईला अडकला. बाहेर काढण्यासाठी टायरमधली हवा सोडावी लागली, आणि हवा सोडल्यावर टायर चेपून बाजूंना फुगलं आणि दोन्हीकडे घासायला लागलं. शेवटी ठोकळे काढले.

"आता शेवटचा उपाय," मेहुणा म्हणाला. "स्टीअरिंगच कमी वळेल असा बोल्ट बसवू. चाक वळलंच नाही, तर घासेल कसं?"

या तर्कात चष्मेवाल्याला खोट सापडली नाही. चाक कमी वळलं, म्हणून गाडीही कमी वळली, आणि फाटकातून निघून समोरच्या भिंतीपाशी गल्लीत आडवी अडकली. मागे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या गाडीच्या हॉर्नवर हात ठेवला. बायको खिडकीत आली, फोन घेऊन उभी राहिली.

"नर्सरीवाला?" चष्मेवाल्याने घाबरून विचारलं.

"अजून नाही. उद्याचा शनिवार आहे, रविवारपर्यंत वाट बघते."

शनिवारी दुकानात शाळेच्या बाई आल्या. दुसरीकडून केलेल्या चष्म्याने त्यांना गरगरत होतं. चष्मेवाल्याने त्यांच्या नाकावर मोजपट्टी धरली.

"बाई, तुमचा डावा डोळा नाकापासून जरा लांब आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या असतात, सारख्या आहेत असं धरून चालत नाही." एवढं बोलून तो पट्टी हातात धरून तसाच थिजला. मग म्हणाला, "बाई, सोमवारी या!"

बाई दुकानाबाहेर आणि तो घरी.

"टेप धर!" त्याने बायकोला हाक मारली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत आधी उजवी बाजू मोजली, मग डावी. डावीकडचं अंतर बोटभर जास्त होतं. डावं चाक मुळातच पुढे सरकून बसलं होतं! पाट्याची एक बाजू लांब असते, एक आखूड. लांब बाजू पुढे हवी, ती डावीकडे मागे गेली होती.

"उजवा पाटा मी बसवला," चष्मेवाला सावकाश म्हणाला. "आणि डावा...?"

दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मेहुणा पोह्यांची बशी घेऊन तिथे उभा होता.

"दाजी, दोन्हीकडून सारखाच दिसत होता हो!"

"झोप खाली," बायको म्हणाली. बशी तिने काढून घेतली.

मेहुणा संध्याकाळपर्यंत गाडीखाली होता. पाटा फिरवला, बोल्टही काढून टाकला.

रविवारी फाटकात चष्मेवाल्याने दीर्घ श्वास घेतला आणि स्टीअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं. पिकअप लोण्यासारखी वळली. आवाज नाही, ओढ नाही. बायकोने टाळ्या वाजवल्या. दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा हॉर्न दिला, पण या वेळी कौतुकाने. चष्मेवाल्याला वडिलांची इतकी आठवण झाली, की चष्मा पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली.

सासूबाईंच्या गल्लीत तो ऐटीत शिरला. कपाट चढलं. छाती फुगवून तो म्हणाला, "आई, आता ही कुठेही वळते. कधीही हाक मारा!"

"खरंच?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग दर रविवारी इकडेच जेवायला या. माळ्यावरचं सामानही हलवायचंय, तुमच्या मावससासूबाईंचा पलंग आणायचाय, आणि मागचं अंगण..."

चष्मेवाला हसत हसत मान डोलवत राहिला. मग त्याची नजर हळूच डाव्या चाकाकडे वळली.

"पाटा परत उलटा बसवायचा विचारही करू नका," बायको म्हणाली.