दामूकाकाचा उंच टेंपो

आमच्या जोहे गावातला टेंपोवाला दामूकाका माणसाच्या तोंडाकडं बघत नाय, चालीकडं बघतो. एकदा शाळेचे हेडमास्तर रस्त्यानं चालले होते, तर हा मागून म्हणतो, "मास्तर, मागचा डावा पाटा बसलाय तुमचा." मास्तरांनी कंबरेला हात लावला. खरंच दुखत होती.

काकाचा टेंपो जुना. गणपतीच्या सीझनला मूर्ती भरायच्या आणि मुंबईला पोचवायच्या. शेजारच्या सीटवर कायम त्याची बायको, वनिताकाकी. ती मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करते. वाटेत कुणाचा कान टवकला तर तिथंच ब्रश मारायला, मांडीवर रंगाचा डबा घेऊन बसलेली.

भानगड रस्त्याची. मोठा पाऊस झाला की शेतांमधल्या रस्त्यावर पाणी साचतं. भार भरला की टेंपोचं बूड खाली, तोंड वर. गेल्या साली हौद्यात पाणी शिरलं, मूर्ती भिजल्या. काका कितीतरी दिवस नीट जेवला नाय. मग म्हणाला, "गाडी उचलायची." गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून आला आणि म्हणाला, "मीच उचलतो."

वडखळच्या भंगारातून जुन्या बसचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आणले, कापले, टेंपोच्या पाट्यांत घातले. पुढच्या चाकांवर उंचीला लोखंडाचे ठोकळे. लेव्हल बघायला हौद्यात पाण्यानं भरलेली परात. पण भाराशिवाय लेव्हल कळणार कशी? मूर्ती तर अजून ओल्या. म्हणून काकानं आम्हा पोरांनाच हौद्यात बसवलं, मूर्तींच्या हिशोबानं. "तू चार फुटी, हलू नको. तू सिंहासनवाला, मांडी पसर." मी हाताची सोंड करून दाखवली, तर म्हणतो, "सोंड नको रे, वजन दे."

परातीतलं पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं टेकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. भंगारातलं लोखंड ते! मी अख्ख्या गावाच्या नकला करतो, पण त्या पाण्याकडं बघतानाचं काकाचं तोंड मला अजून जमलेलं नाय.

पहिल्या फेरीला रस्त्यावर चांगलंच पाणी होतं. मूर्ती भरल्या. काकीनं पाय वर टाकला, पोचला नाय. मूर्तींपुढं बसून बसून तिचे गुडघे गेलेत. स्टूल आणलं, त्यावरूनही अंग वर ओढवेना.

"आम्ही उचलतो काकी," मी म्हटलं.

"मी काय मूर्ती हाय, पोरांनी उचलून ठेवायला?" मग काकाला म्हणाली, "तुमी जा." डबा तेवढा सीटवर ठेवला.

टेंपो त्या पाण्यातून असा गेला, जशी होडी. संध्याकाळी काका परत आला. सगळ्या मूर्ती कोरड्या पोचल्या, एकीलाही टवका नाय. मूर्तींचा सगळा कारखाना त्या उंच गाडीकडं बघत राहिला. काका नुसता "व्हय" म्हणाला.

सकाळी बघतो तर हा टेंपोखाली, घातलेले बसचे पाटे परत काढतोय.

"काका, काय बसलं?"

"काय नाय. गाडी बरोबर हाय."

"मग?"

नट फिरवत म्हणाला, "पार मुंबईपर्यंत कोण बोललंच नाय रे माझ्याशी."

"आणि पाणी साचलं तर?"

"ओसरंल की."

आता पाणी साचलं की टेंपो गावातच रस्त्याकडेला थांबलेला असतो. मूर्ती ताडपत्रीखाली, आणि केबिनमधून काकीचा आवाज, "काच वर करा ओ, भिजताय."

"असूंदे गो. तू सांग, पुढं काय म्हणाली ती?"