विहिरीतला धोंडू

सोनगीरच्या किल्ल्यावरच्या विहिरीत धोंडूला मी सोडून दिलं. ढकललं नव्हतं मी, ढकलणारा काळा सुभेदार होता. पण वर काढायची वेळ आली तेव्हा मी कागदाकडे पाहिलं, पोराकडे नाही. चूक माझीच.

धोंडू म्हणजे तोताराम नानांच्या 'धाव धोंडू' या पुस्तकमालेचा नायक, वय वर्षं तेरा. नाना धरणगावच्या एका जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या तोलायचे आणि उरलेल्या वेळात धोंडूला पळवायचे. माझा जळगावात छापखाना होता. लग्नपत्रिका, बियाण्यांची हस्तपत्रकं आणि धोंडू, एवढाच माझा पसारा.

नानांच्या पुस्तकात कुणी बसायचं नाही, असा कायदा होता. धोंडू पळतोय, सुभेदार मागे पळतोय, सुभेदाराचा घोडा मेला तरी सुभेदार पळतोय. मी एकदा म्हणालो, "नाना, सकाळपासून पोर पाणी प्यालेलं नाही."

"पळता पळता पिईल."

"दोघांना जरा झाडाखाली बसवू या."

"कोण बसलं की वाचणारा पोरगाबी उठून जातो, भाऊ."

याची त्यांनी परीक्षा घेतलेली होती. जिनमधल्या कापसाच्या ढिगावर पोरं बसवून ते लिहिलेलं वाचून दाखवत. एखादं पोर बैलाकडे बघायला लागलं की तेवढा मजकूर तिथंच खोडायचा. एका भागातलं तापीकाठचं सूर्यास्ताचं सुंदर वर्णन असंच एका खोंडापायी गेलं.

प्रत्येक प्रकरणाचा शेवट ठरलेला: 'आणि तेवढ्यात...' ही सवय त्यांच्या जिभेलाही लागली होती. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत ते पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी गुणाची शे. रांधणं येतं, चार बुकं शिकली, आणि तेवढ्यात..." आणि शांतपणे सुपारी कातरू लागले. सुपारी कातरून होईपर्यंत वरपक्षाचा चेहरा पांढरा पडला होता.

इतक्या पळापळीचा हा कर्ता स्वतः मात्र खानदेशातला सर्वांत सावकाश माणूस. छापखान्यातून वेळेवर निघत, पण गाडी हमखास चुकवत. मी एकदा पोचवायला गेलो तेव्हा कारण दिसलं. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत प्रत्येक खिडकीत डोकावत ते चालत राहिले. शिट्टी झाली, गाडी गेली.

"जागा पसंत पडली नाही का नाना?" मी चिडवलं.

"उद्या गाडी शेच ना," ते म्हणाले.

पुस्तकातला न बसायचा कायदा फक्त शेवटच्या पानावर मोडायचा. दर भागाचं शेवटचं पान सारखंच. धोंडू घरी येतो, ओट्यावर बसतो, माय भाकरी वाढते, आणि बाप 'कुठं होतास' असं एकदाही विचारत नाही. मला ते पान मिळमिळीत वाटायचं. एवढ्या तलवारी, एवढे भुयारी रस्ते, आणि शेवटी भाकरी?

मग महायुद्ध सुरू झालं. कागद सोन्यासारखा झाला. माझ्याकडे जेमतेम बत्तीस पानांपुरता कागद होता आणि सोनगीरची गोष्ट तेहेतिसाव्या पानावर गेली. बत्तिसाव्याच्या तळाशी सुभेदारानं धोंडूला विहिरीत ढकललेलं होतं, खाली 'आणि तेवढ्यात...' होतंच. तेहेतिसाव्यावर दोर, घर, भाकरी. मी ते पान काढून टाकलं. नानांना विचारलं नाही. उलट स्वतःच्या चलाखीवर खूश झालो.

पुस्तक झपाट्यानं खपलं. नाना प्रती न्यायला आले. त्यांनी एक प्रत उचलली, शेवटचं पान उलटलं, मागे पुठ्ठा लागला. पुन्हा उलटलं.

"भाऊ, पोर विहिरीत शे."

"राहू द्या की. पुढच्या भागात काढू. खप बघा."

त्यांनी चहा घेतला नाही. सुपारीही काढली नाही. नेहमीप्रमाणे गाडी चुकेल आणि परत येतील म्हणून मी मागोमाग स्टेशनावर गेलो, तर एकाही खिडकीत न डोकावता ते समोरच्या डब्यात चढले. गाडी त्यांना घेऊन गेली.

पुढचा भाग आलाच नाही. दोन पत्रं घातली, उत्तर नाही. शेवटी धरणगावला गेलो. नानांच्या पत्नी, अक्का, ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"घर नहीत," त्या म्हणाल्या. "बठ्ठा बाजार फिरी राहिनात. ज्या पोरेसनी पुस्तक लिधं, त्यासले सांगतस, धोंडू घर उना."

मला हसू आलं. खानदेशातला सर्वांत सावकाश माणूस 'धोंडू घरी आला' एवढं पोरांना सांगायला, एका पानासाठी, बाजारोबाजार भटकतोय. म्हटलं, "अक्का, गोष्टीतलंच तर पोर."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "आमना धोंडू गोष्टमा नव्हता, भाऊ."

मग कळलं. दोन लेकरं पाठोपाठ गेली, म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये यासाठी त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडाला कोण नेणार? तेरा वर्षांचा असताना तो शाळा बुडवून नदीवर पोहायला गेला, नानांनी मारलं, आणि पोर आगगाडीत बसून निघून गेलं. आता पंचविशीचा असेल. पण पुस्तकं कुठंही पोचतात, कुणाच्याही हाती पडतात. शेवटचं पान पोरांसाठी नव्हतंच.

मी परत आलो. कोरा कागद नव्हता, पण एक मोडलेलं लग्न होतं. त्याच्या पत्रिका वरच्या गणपतीपर्यंत छापून पडल्या होत्या. त्याच गुलाबी कागदांवर तेहेतिसावं पान छापलं. धोंडू 'श्री गजानन प्रसन्न'च्या खाली घरी आला.

नाना सोनगीरच्या बाजारात सापडले. किल्ल्याच्या पायथ्याशी, बांगड्यांच्या दुकानाशेजारी गोणपाटावर बसले होते, समोर पाचसहा पोरं.

"...दोर धरीसन धोंडू वर उना. घर उना. मायनी भाकर वाढी."

"आनि बाप काय बोलना?" एका पोरानं विचारलं.

"काहीच नही बोलना," नाना म्हणाले. "बाजूले सरकना, जागा दिधी."

मी पानांचा गठ्ठा पुढे धरला. त्यांनी एक पान घेतलं, गणपती पाहिला, मग खालचं सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवून. पान घडी करून टोपीत ठेवलं. मग गोणपाटावर जरा सरकले.

"बसा भाऊ."

मी बसलो नाही. अजून तो हक्क नव्हता.

"नाना," मी उभ्यानंच म्हणालो, "तुमच्या पोराची घरची वाट मी कापली. मला माफ करा."