नावाचा रकाना

"आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया अपडेट करा," असं चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरने सकाळी सव्वादहाला सांगितलं आणि चष्मेवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता शाळेचा प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता. फॉर्मला मुलीचा जन्मदाखला जोडायचा होता, आणि दाखल्यावर मुलीचं नाव असावं, अशी शाळेची माफक अपेक्षा होती. मुलगी साडेपाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, झाडावर चढण्यात तरबेज. सगळं होतं, फक्त नाव नव्हतं. घरात तिला ढब्बी म्हणत. बालवाडीने तेवढ्यावर चालवून घेतलं होतं, पण शाळा काही ऐकणार नव्हती.

नाव नव्हतं, कारण नावं दोन होती. एक चार अक्षरी, चष्मेवाल्याच्या आईने सुचवलेलं. ज्या मावशीने आईला लहानाचं मोठं केलं त्या मावशीचं. दुसरं दोन अक्षरी, बायकोने सुचवलेलं, त्याआधी कुणी कधी न ऐकलेलं. ती नावं मी इथे सांगत नाही, उगाच वाचकांत दोन तट पडायचे. चष्मेवाला स्वभावाने भला माणूस. त्याने आईला एकटीला गाठून सांगितलं, तुझंच लावतो. बायकोलाही एकटीला गाठून सांगितलं, तुझंच लावतो. पुढे दोघींपैकी कुणीही विचारलं की तो म्हणायचा, "साईट बंद आहे." या एका वाक्यावर या गृहस्थाने पाच वर्षं संसार रेटला. दोघी एकमेकींशी या विषयावर अवाक्षर काढत नसत. आपलंच नाव लागणार आहे, तर समोरचीला आधीपासून कशाला दुखवा, असा प्रत्येकीचा समजूतदारपणा, असं चष्मेवाला धरून चालला होता.

आणि आज साईट खरोखरच उघडेना. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी निघताना तिने स्वच्छ सांगितलं होतं, की अर्धी रजा टाकून मी तीन वाजता दुकानात येतेय, तोवर दाखला हातात पाहिजे आणि आज साईट बंद आहे हे मी ऐकून घेणार नाही.

तसं अपडेट करायला दोन बटणं दाबायची असतात. पण या कॉम्प्युटरला काचा घासायचं मशीन जोडलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी ते बसवणाऱ्या माणसाने जाताना बजावलं होतं, की मशीन चालतंय तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका. मग तो माणूस जो गेला तो गेलाच, त्याचा फोनही लागेना. तेव्हापासून चष्मेवाल्याने स्क्रीनच्या डोक्यावर 'अपडेट करू नये' अशी चिठ्ठी डकवली होती, आणि दिवसातून दहा वेळा येणाऱ्या त्या प्रश्नाला दहा वेळा 'नंतर' म्हणून वाटेला लावत होता. अर्थात, नंतर म्हणण्यात तो आधीपासूनच तयार होता.

त्याने मोबाइलवर साईट उघडून पाहिली. फॉर्म आला, पण 'पुढे' हे बटण स्क्रीनच्या कडेला अर्धं गडप झालं होतं. नखाने दाबलं, दुसऱ्या बोटाने दाबलं, मोबाइल आडवा धरला तर फॉर्मही आडवा झाला आणि बटण पूर्णच गेलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की उत्तम अनुभवासाठी कॉम्प्युटर वापरा. चष्मेवाला त्या उत्तम अनुभवाला तोंडातल्या तोंडात एक शिवी देऊन पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसला.

समोरच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांच्या चष्म्याची एक काच घासून झाली होती, दुसरी मशीनमध्ये होती आणि जुना चष्मा फुटला होता, त्यामुळे त्यांना कुठे जाताही येत नव्हतं. त्यांनी सुचवलं, की जाणत्या माणसाला बोलवा.

जाणता माणूस म्हणजे मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. एका ऑफिसात तो प्रिंटरची शाई बदलायचा. पण त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा घरात समज होता, आणि तो समज त्याने कधी खोडून काढला नव्हता. तो आला, त्याने चिठ्ठी वाचली आणि ती काढून खिशात घातली.

"भावोजी, सहा वर्षं अपडेट नाही? हा कॉम्प्युटर चालतोच कसा?"

"नाही केलं म्हणूनच चालतोय," चष्मेवाला म्हणाला.

मेव्हणा हसला आणि त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, बारा मिनिटं लागतील. वीस मिनिटांनी म्हणाला, एक तास लागेल. मग नऊ टक्क्यांवर जाऊन बसला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, नऊ टक्के. मध्येच एकदा तो आपसूक बंद होऊन चालू झाला आणि पुन्हा शून्यापासून मोजू लागला. मेव्हणा म्हणाला, की हे आधीच्या अपडेटचं अपडेट होतं, खरं अपडेट आता सुरू होईल. मास्तरांनी विचारलं, की पहिली इयत्ता झाल्याशिवाय दुसरीत घालत नाहीत तसं का. मेव्हणा म्हणाला, तसंच. मास्तर म्हणाले, मग अजून चार इयत्ता बाकी असणार.

साडेबाराला आई डबा घेऊन आली, ढब्बीचा हात धरून. चष्मेवाला चपापला. आज नाव लागतंय हे आईला कळलं, तर ती समोर ठाण मांडून बसणार आणि तीन वाजता बायको येणार, पुढचं चित्र त्याला लख्ख दिसलं. तो उठून स्क्रीनच्या आडवा उभा राहिला. म्हणाला, मशीन बिघडलंय, दुरुस्ती चालू आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"मशीनचं ठीक आहे," आई म्हणाली, "पण शाळेचा फॉर्म आजच ना? मी तुला सांगते ते जरा ऐक—"

"आई, नंतर. तू घरी जा बरं. पोरीला ऊन लागेल."

आईने त्याच्याकडे नीट बघितलं, डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. ढब्बीने जाता जाता मास्तरांना विचारलं, की त्यांना ती किती दिसतेय. मास्तर म्हणाले, दोन. ती खूश झाली.

दीड वाजता अपडेट झालं. नवा चकचकीत ब्राउझर उघडला, त्याने हसून स्वागत केलं, आपल्या नव्या सोयींची सात पानं दाखवली आणि ती पानं टाळायची सोय मात्र कुठे ठेवली नाही. साईट उघडली. मुलीची जन्मतारीख टाकली, दवाखाना टाकला आणि नोंद सापडली. चष्मेवाल्याने मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. मेव्हण्याने 'पुढे' दाबलं. दुसरं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, "आपला ब्राउझर फार नवीन आहे. हे पान जुन्या ब्राउझरसाठी बनवले आहे."

चष्मेवाला ते वाक्य तीनदा वाचून मटकन खाली बसला. पहिलं पान एकाने बनवलं, दुसरं दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, असा मेव्हण्याने उलगडा केला. त्याच वेळी पलीकडून मशीनने तीन शिट्ट्या मारल्या. अपडेट झालेला कॉम्प्युटर त्याला ओळखत नव्हता, की ते कॉम्प्युटरला ओळखत नव्हतं, देव जाणे. मास्तरांची काच आत अर्धी घासून अडकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. चष्मेवाल्याच्या संतापाचा कडेलोट झाला, पण चिडायचं कुणावर तेच ठरेना. मेव्हणा बायकोचा भाऊ, मास्तर गिऱ्हाईक आणि कॉम्प्युटर हप्ते फेडून घेतलेला.

मदतीच्या नंबरावर फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक बाई आली आणि म्हणाली, की ब्राउझरमधलं साठलेलं सगळं पुसून टाका. मेव्हण्याने पुसलं. साईटला फरक पडला नाही, मात्र दुकानाचे सगळे पासवर्ड गेले. पुन्हा फोन केला तर आणखी वीस मिनिटं तेच गाणं. आता ते मास्तरांनाही पाठ झालं होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना बायको आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने पर्स टेबलावर आपटली. "बोलू नका. साईट बंद आहे, हेच ना?"

"अगं, आज खरंच..." चष्मेवाला म्हणाला आणि थांबला.

"आज खरंच म्हणजे?"

मास्तरांनी त्या क्षणी डोळे मिटून घेतले. तसंही त्यांना दिसत नव्हतं, पण सभ्यता म्हणून. मेव्हण्याला मात्र त्याच वेळी एक युक्ती सुचली आणि त्याने भावोजींना वाचवलं. नव्या ब्राउझरला, आपण जुनेच आहोत असं खोटं सांगायला लावता येतं म्हणे. त्याने कुठेतरी आत जाऊन दोन खुणा केल्या, आणि दुसरं पान विनातक्रार उघडलं. खोटं बोलल्याबरोबर चालू झालं. एवढ्या त्रासातही चष्मेवाल्याला ते पाहून जरा आधार वाटला.

पानावर आलं, "खात्रीसाठी नोंदीतल्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे." त्याने आपला मोबाइल पाहिला, कोड नाही. बायकोने तिचा पाहिला, नाही. स्क्रीनवर नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. तो नंबर आईचा होता. दवाखान्यात तेव्हा गडबडीत आईचा नंबर दिला गेला असेल, असं चष्मेवाला म्हणाला. आईला बोलवावं तर दोघी समोरासमोर, न बोलवावं तर शाळा गेली. चार वाजायला आले होते. त्याने फोनवर आईला नुसता कोड विचारून पाहिला. आई म्हणाली, की तिला फोनवर बोलता बोलता मेसेज बघता येत नाही, ती येतेच. आणि ती आली, ढब्बीसकट. तोवर पहिला कोड शिळा झाला. दुसरा मागवला, आईने चष्मा शोधेपर्यंत तोही गेला. तिसरा बायकोने वाचला, मेव्हण्याने टाकला, आणि गोल चक्र फिरू लागलं.

चक्र फिरत होतं तेवढ्यात बायको सहज म्हणाली, "आई, आता नाव लागतंय हां. यांनी मला कबूल केलंय, माझं दोन अक्षरी."

आई म्हणाली, "हो का? मला चार अक्षरी कबूल केलंय."

दोघींनी एकदम चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याने मशीनकडे पाहिलं, निदान एखादी शिट्टी तरी मारेल म्हणून. मशीन गप्प होतं. तो तोंड उघडणार इतक्यात बायको म्हणाली, "आणि ती साईट पाच वर्षं..."

"नव्हती बंद," चष्मेवाला म्हणाला. "मी कधी उघडलीच नाही. आजच पहिल्यांदा." पाच वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि ते त्याला जडच गेलं.

चक्र थांबलं आणि पान उघडलं. नाव भरायला रकानाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, "या नोंदीत नाव आधीच लावलेले आहे. दाखला उपलब्ध आहे." मेव्हण्याने दाखला उघडला. त्यावर दोन अक्षरं होती.

"हे कुणी लावलं?" बायकोने विचारलं.

"मी," आई म्हणाली. "ढब्बी दीड महिन्याची होती तेव्हा. पायी गेले ऑफिसात. खिडकी उघडी होती, रांगेत चौघं होते, वीस मिनिटांत काम झालं."

"पण मग तुमचं चार अक्षरी..."

"तेच सांगायला गेले होते. तिथल्या बाईने फॉर्म पुढे केला. आईचं नाव, बापाचं नाव, सगळ्यांना रकाने होते, आजीला नव्हता. म्हटलं बरोबर आहे. जिने नऊ महिने वागवलं, तिचं लागू दे." मग ती मुलाकडे वळली. "दुपारी सांगायला आले, तर तू ऊन दाखवलंस."

"मग पाच वर्षं मला रोज विचारत होतीस ते?" चष्मेवाल्याने क्षीण आवाजात विचारलं.

"बघत होते, खरं कधी बोलतोस ते."

मेव्हण्याने मान खाली घातली आणि काम नसताना कीबोर्ड पुसायला घेतला. मास्तर म्हणाले, की त्यांचा चष्मा उद्या झाला तरी चालेल, पण आता शाळेचं पान उघडा, साडेचार होऊन गेले.

बायकोने नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि शेजारी स्टूल ओढून सासूला बसवलं. शाळेचं पान सुदैवाने नव्या ब्राउझरला चाललं. तिने दाखला जोडला, पत्ता टाकला, रक्तगट टाकला. चष्मेवाला मागून काही सुचवायला वाकला, तर तिने वर न बघता त्याला पाणी आणायला पाठवलं. पाण्याचा तांब्या घेऊन तो आला, तेव्हा ती शेवटच्या रकान्यापाशी थांबली होती. तिथे लिहिलं होतं, 'घरात हाक मारण्याचे नाव'.

"ढब्बी लिही," मेव्हणा म्हणाला.

बायकोने लिहिलं नाही. तिने सासूकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, मावशींच्या नावात दुसरं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?"

घड्याळात चार पन्नास झाले होते. आईने पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, मग चारही अक्षरं एकेक करून सांगितली, आणि सुनेने ती एकेक करून टाकली.