पात्राचं वाक्य

"हा नवरा मला पटत नाही," सरांनी कागद मांडीवर आपटले. "साफ पटत नाही."

सरांच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी सकाळी लेखनाचा वर्ग भरे. सरांची एक कादंबरी फार पूर्वी छापून आली होती आणि दुसरी तेव्हापासून येणार होती. मधल्या काळात कथानक कसं बांधावं, पात्र कसं वाढवावं, हे ते इतरांना शिकवत. लिखाणावर नाव घालायचं नाही, कागद दाराखालून आत सारायचे, असा त्यांचा नियम होता. नाव दिसलं की टीका करायला भीड पडते, असं ते म्हणत. त्यांना भीड कधी कोणाचीच पडली नव्हती, हा भाग वेगळा.

त्या रविवारी असंच एक निनावी नाटक आलं होतं. पात्रं दोनच, एक शाळा तपासनीस आणि त्याची बायको. पहिल्याच प्रवेशात बायको बाहेरून धापा टाकत येते. तिच्या गळ्याशी गाठ आलेली असते. "डॉक्टर म्हणाले साधीच आहे, घाबरू नका म्हणाले डॉक्टर," असं ती एका दमात सांगते. त्यावर तपासनीस वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतो, "या वाक्यात डॉक्टर दोनदा आलाय."

औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट हसायला गेला आणि सरांकडे लक्ष जाताच त्याने ते हसू खोकल्यात मिसळलं. दातांच्या डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मागच्या वर्षी सरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, गळ्याला बरेच दिवस पट्टी होती, हे वर्गात सगळ्यांना आठवत होतं. सगळ्यांना म्हणजे, सर सोडून.

"असा माणूस असतो का कुठे?" सर म्हणाले.

"असतो हो सर, एखादा," केमिस्ट चाचरला.

"तुम्ही पाहिलाय?"

"नाही, म्हणजे... ऐकून आहे."

"ऐकीव माहितीवर नाटक उभं राहत नाही. माणूस म्हटला की तो घडतो, मोडतो, बदलतो. हा पहिल्या पानावर दगड आणि शेवटच्या पानावरही दगडच. आणि त्या बाईबद्दल तर बोलायलाच नको. नुसती सोसते! सोसणं म्हणजे कथानक नव्हे."

इतक्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. कोणी त्यांच्याकडे बघेना. डॉक्टरीणबाईंनी कप उचलताना त्यांच्या मनगटाला हलकेच हात लावला, तेवढंच.

दुपारी जेवताना सरांचं डोकं त्याच नाटकात होतं. "त्या केमिस्टचंच काम असणार. घरी बायकोला असाच वागवत असेल लेकाचा. आपलं ठेवायचं झाकून, दुसरं काय!"

"मग त्या बाईने, तिने काय करायला हवं?" वहिनींनी विचारलं.

"बाईने किंवा तिने. एकच पुरे."

वहिनींनी पोळी वाढली. "तिने काय करायला हवं?"

"जायला हवं. पात्र बोलण्यातून दिसत नाही, निर्णयातून दिसतं. पण उठली आणि निघाली, असं नाही चालत. प्रेक्षक विचारतात, आता ही राहणार कुठे? खाणार काय? त्याची तजवीज लेखकाने आधी करून ठेवायची असते. एखादी बहीण दाखवावी, लहानशी नोकरी दाखवावी. मग शेवटी ती दार उघडते तेव्हा लोकांना वाटतं, हो, हे असंच व्हायला हवं होतं."

"खरंच," वहिनी म्हणाल्या. "हे आधी लक्षातच आलं नाही."

"शिकवल्याशिवाय येत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

त्यानंतर वहिनी दुपारच्या बाहेर जायला लागल्या. बहिणीचे फोन वाढले. कपाटातला खालचा कप्पा रिकामा झाला. सरांच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही, घरात मोजे सापडत नाहीत एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

नाटकाचा दुसरा खर्डा आला तेव्हा मात्र सर उभे राहून वाचू लागले. त्यात बहीण होती. पाळणाघरातली नोकरी होती. शेवटी बायको पिशवी घेऊन निघते, तपासनीस बघत राहतो, बोलत नाही, पडदा पडतो. "याला म्हणतात कथानक!" सर म्हणाले. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात नाटक करायचं ठरलं. बायकोचं काम डॉक्टरीणबाईंकडे आणि नवऱ्याचं केमिस्टकडे गेलं. पण पहिल्याच तालमीत सरांनी केमिस्टला खुर्चीवरून उठवलं.

"तुम्ही याला दुष्ट करताय. हा दुष्ट नाहीये हो, याचं लक्ष नसतं! बाजूला व्हा, मीच करतो."

"तुम्ही?" केमिस्टने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "सर, तुम्हाला फार... जमेल."

जमलं. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. 'डॉक्टर दोनदा आलाय' या वाक्याला असा हशा उठला, की सर मनातून सुखावले. पुढे पुढे हशा ओसरला. कोणी तरी नाक ओढलं. शेवटचा प्रवेश आला. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली आणि त्या दाराकडे वळल्या. सरांनी आता फक्त गप्प बसायचं होतं.

पण गप्प बसणं हे सरांनी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. त्या शांततेत त्यांना एकाएकी गुदमरायला झालं. दाराशी उभ्या बाईची पाठ ओळखीची वाटली. आणि नाटकात नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, "थांब. गाठ साधी होती ना? मी विचारलंच नाही. माझं चुकलं."

आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, तेही न बोलावता. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या, कारण पुढचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पडदा ओढणाऱ्याने घाबरून पडदा ओढला. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

पडदा पुन्हा उघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी माईक घेतला. "या नाटकाच्या लेखिका इथेच आहेत. त्यांनी वर यावं."

तिसऱ्या रांगेतून वहिनी उठल्या.

सर बघत राहिले. पायऱ्या चढून ती बाई समोर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळे प्रवेश एकामागून एक जागेवर बसले. गळ्याची पट्टी, बहिणीचे फोन, रिकामा कप्पा. समोर दोनेकशे माणसं होती. त्यातली निम्मी त्यांना 'सर' म्हणणारी.

वहिनींचे डोळे ओले होते. त्यांनी माईक हातात घेतला, पण बोलल्या त्या फक्त सरांशी. "अहो, ते शेवटचं वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. ते तुमचं होतं, की पात्राचं?"

एक शब्द पुरेसा होता, आणि तो सरांच्या अगदी ओठांवर होता. पण तो शब्द उच्चारला की तो तपासनीस कोण, हे या सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं. पहिल्या रांगेत केमिस्ट मान खाली घालून बसला होता.

सरांनी घसा खाकरला. "पात्राचं. अर्थातच पात्राचं! नटाने स्वतःचं काही घालायचं नसतं. आणि लेखिकेला एकच सूचना, शेवट असा गोड केला की नाटक पडतं."

लोक हसले, टाळ्या पडल्या. वहिनी मान डोलावून "बरोबर आहे" म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

अभिनंदनं घेता घेता सरांना बराच वेळ गेला. सभागृह रिकामं झालं तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही कुठे आहे?"

"वहिनी गेल्या, सर."

"घरी?"

"बहिणीकडे. उद्यापासून पाळणाघरात रुजू व्हायचंय त्यांना." बाईंनी पुढे सांगितलं, "शेवट लिहिलाय तसाच ठेवायचा, म्हणाल्या."

सर तपासनिसाच्या खुर्चीत जाऊन बसले. रंगमंचावरचे दिवे एकेक करून बंद होत होते. दोघं जण मागची कापडी भिंत गुंडाळत होते. थोड्या वेळाने केमिस्ट जवळ आला आणि अवघडून उभा राहिला.

"सर, जरा उठता का? ही खुर्ची बाईंच्या दवाखान्यातली आहे, सकाळी पेशंटला लागेल."

सर उठले.